रिपोर्ट पिशवीतच का फिरतो?

द्राक्षाचा हंगाम लागला की सुरगाणा-पेठकडची कुटुंबं मजुरीला दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात. त्यांत एखादी गरोदर बाई असते. गावच्या आशाताईंनी केलेली नोंद, उपकेंद्रातली रक्ततपासणी आणि नाशिक सिव्हिलचा केस पेपर यांना जोडणारं एकच असतं: तिच्या पिशवीतलं माता-बाल संरक्षण कार्ड. ते हरवलं की तपासण्या पहिल्यापासून.

हे संगणक नव्हते म्हणून झालं, असं नाही. ते आले, पण प्रत्येक योजनेचे वेगळे. २००८ च्या एचएमआयएसमध्ये, म्हणजे आरोग्य खात्याच्या माहिती प्रणालीत, नुसते आकडे जायचे: प्रसूती किती, लसी किती. बाईचं नाव २००९ च्या माता-बाल ट्रॅकिंगमध्ये आलं, पुढे त्याचं आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) पोर्टल झालं. क्षयरोगासाठी २०१२ मध्ये निक्षय पोर्टल. त्याच वर्षी राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली, तिच्या दाव्यांची नोंद आणखी निराळी. ज्या योजनेचा निधी, तिचाच अहवाल. शेजारच्या पोर्टलशी बोलण्याची गरज कुणालाच पडली नाही. भार पडला तो एएनएमवर, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेवर.

बाहेरही हे सहज सुटलं नव्हतं. अमेरिकेत १९८७ मध्ये रुग्णालयांच्या संगणकांमधल्या देवाणघेवाणीची मानकं ठरवणारी एचएल७ संस्था निघाली, पण तिच्या जुन्या संदेशपद्धतीत इतकी मोकळीक होती की दोन रुग्णालयं तीच वापरूनही जुळत नसत. एक्स-रे, सीटीच्या प्रतिमांना मात्र १९९३ च्या डायकॉम या मानकाने एकच घडण दिली. शब्दांचा गुंता त्याहून चिवट. एक लॅब ‘एचबी’ लिहिते, दुसरी ‘हिमोग्लोबिन’. संगणकाला त्या दोन गोष्टी. म्हणून लॉइंक या तपासण्यांच्या संकेतसूचीत रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या प्रमाणाला ७१८-७ हा कायमचा क्रमांक आहे. २०११ पासून आकाराला आलेल्या ‘फायर’ या मानकाने रुग्ण, तपासणी, औषध असे छोटे, ठरलेले तुकडे केले.

भारताने ई-आरोग्य नोंदींची मानकं २०१३ मध्ये काढली, २०१६ मध्ये सुधारली. सक्ती नव्हती, आणि माझ्या मते तिथेच बरीच वर्षं गेली. २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं: आरोग्य नोंदी जोडणारा चौदा अंकी आभा क्रमांक आणि देवाणघेवाणीला ‘फायर’. नोंद जिथे झाली तिथेच राहते, रुग्णाच्या संमतीने दुसरीकडे दिसते.

याच मिशनमधून आता ओपीडीत क्यूआर स्कॅन करून टोकन मिळतं. रांगेतला वेळ वाचतो, आठव्या महिन्यातल्या बाईसाठी ते फार मोलाचं आहे. पण त्या स्कॅनमधून नाव, वय, पत्ता अशी ओळखीचीच माहिती पोचते. सुरगाण्यात तपासलेलं हिमोग्लोबिन नाशिकच्या डॉक्टरांना दिसायचं तर दोन्हीकडची सॉफ्टवेअर आभाशी जोडलेली हवीत, आणि उपकेंद्रात ती नोंद तिच्याच क्रमांकावर चढलेली हवी.