साखरेची गोळी हृदयापर्यंत कशी पोहोचली

हार्ट फेल्युअरचा, म्हणजे हृदय रक्त पुरेसं पंप करू न शकण्याचा त्रास आहे, साखर मात्र कधीच वाढलेली नाही, अशा माणसाला डॉक्टर एम्पाग्लिफ्लोझिन किंवा डापाग्लिफ्लोझिन लिहून देतात. घरी कुणीतरी मोबाइलवर नाव शोधतं आणि ‘मधुमेहावरचं औषध’ असं वाचून सगळे चपापतात. डॉक्टरांची चूक झाली का? दुकानात गोळ्यांची अदलाबदल झाली का? बहुतेक वेळा तसं काही नसतं. गोळी हृदयासाठीच दिलेली असते. ती तिथवर कशी आली, ही मला अलीकडच्या वैद्यकातली फार मोलाची गोष्ट वाटते. तिला वळण दिलं ते एका नियमाने, आणि तो नियम काळजीपोटी केलेला होता.

मधुमेहाच्या औषधांना पूर्वी मंजुरी मिळायची ती मुख्यतः एका आकड्यावर. एचबीए१सी म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी. औषधाने हा आकडा खाली आणला की ते उपयोगी ठरे. रुग्णाला भीती असते ती हार्ट अटॅकची, मूत्रपिंडं निकामी होण्याची, दृष्टी जाण्याची. साखर उतरली म्हणजे या साऱ्या गोष्टी टळतीलच, असं गृहीत धरलं जाई.

या गृहीतकाला २००७ मध्ये तडा गेला. रोसिग्लिटाझोन हे औषध १९९९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं होतं आणि ते साखर उत्तम उतरवायचं. मात्र ४२ चाचण्यांची आकडेवारी एकत्र मांडल्यावर हार्ट अटॅकचं प्रमाण ४३ टक्के जास्त दिसलं. मोठी खळबळ माजली. पुढे २०१० मध्ये युरोपात औषध थांबवलं गेलं आणि अमेरिकेत त्यावर कडक निर्बंध आले. एका मोठ्या चाचणीच्या नोंदी पुन्हा तपासल्यावर धोका तेवढा नसल्याचं दिसलं आणि अमेरिकेने २०१३ मध्ये निर्बंध उठवले. तोवर भीतीने आपलं काम केलं होतं.

डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, मधुमेहाच्या नव्या औषधांसाठी मार्गदर्शक सूचना काढली. औषध हृदयाला घातक नाही हे आकडेशास्त्राने दाखवा, असं तिचं सांगणं होतं. औषध न घेणाऱ्यांच्या तुलनेत जोखमीचा जो अंदाज निघेल, त्याची वरची मर्यादा मंजुरीआधी १.८ पटीच्या आत हवी. ती १.३ पटीच्या वर असेल तर मंजुरीनंतरही चाचणी करून ती १.३ च्या आत असल्याचं सिद्ध करायचं. एवढी खात्री द्यायची तर शेकडो हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू मोजावे लागतात. म्हणजे आधीच हृदयविकार असलेले हजारो रुग्ण घ्यायचे, निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना औषधविरहित गोळी द्यायची, आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. अशा खर्चिक चाचण्यांमुळे नवी औषधं रखडतील, अशी तक्रार तेव्हा खूप झाली.

निकाल येऊ लागले तेव्हा पहिल्यांदा ते बेताचेच होते: अपाय नाही, फायदाही नाही. सॅक्साग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधाच्या चाचणीत तर सोळा हजारांहून जास्त रुग्णांमध्ये हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. नियम नसता तर ही गोष्ट बहुधा कुणाच्या ध्यानातही आली नसती.

आणि मग सप्टेंबर २०१५ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत एम्पाग्लिफ्लोझिनचे आकडे पडद्यावर आले. मधुमेह आणि हृदयविकार दोन्ही असलेले ७०२० रुग्ण, सरासरी तीनेक वर्षांचा पाठपुरावा. हृदयविकाराने झालेले मृत्यू औषधविरहित गटात ५.९ टक्के, औषध घेणाऱ्यांत ३.७ टक्के. हार्ट फेल्युअरसाठी दाखल होण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी. अपाय नाही एवढं दाखवायला निघालेल्या चाचणीने जीव वाचवणारं औषध हाती दिलं होतं.

हे औषध काम कुठे करतं ते पाहिलं की आश्चर्य आणखी वाढतं. आपली मूत्रपिंडं रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतात आणि जवळपास सगळं पुन्हा रक्तात ओढून घेतात. यातलं सुमारे ९० टक्के काम एसजीएलटी-२ नावाचं एक प्रथिन करतं. ते सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेतं. या औषधाने ते प्रथिन अडवलं की बरीचशी साखर लघवीवाटे निघून जाते. कल्पना जुनीच आहे. सफरचंदाच्या झाडाच्या मुळाच्या सालीतून १८३५ मध्ये वेगळा केलेला फ्लोरिझिन हा पदार्थ हेच करतो, आणि आजच्या गोळ्यांचं मूळ त्यातच आहे.

साखरेबरोबर सोडियमही पुढे सरकतं, आणि खरी गंमत इथे आहे. नलिकेत पुढे जास्त सोडियम पोहोचलं की मूत्रपिंड गाळणीकडे रक्त आणणारी बारीक धमनी थोडी आवळतं. गाळणीवरचा दाब उतरतो. त्यामुळे गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम कळवणारा रक्तातला आकडा, जरा वाढतं आणि रिपोर्ट पाहून रुग्ण घाबरतो. बहुतेकांमध्ये हा दाब उतरल्याचाच परिणाम असतो, आणि पुढच्या वर्षांमध्ये मूत्रपिंडांची झीज मंदावण्याचं ते एक मुख्य कारण मानलं जातं. हृदयाला नेमका फायदा कसा होतो यावर अजून वाद आहेत. शरीरातलं जास्तीचं पाणी आणि मीठ कमी होतं हा त्यातला एक भाग. सगळा फायदा मात्र तेवढ्याने समजावता येत नाही.

पुढची पायरी धाडसाची होती. फायदा साखरेमुळे नसेल, तर साखर नसलेल्यांनाही तो व्हायला हवा. याच गटातल्या डापाग्लिफ्लोझिनची २०१९ मधली हार्ट फेल्युअरची चाचणी ४७४४ रुग्णांवर झाली. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हता, आणि त्यांनाही तेवढाच लाभ झाला. मे २०२० मध्ये अमेरिकेत हार्ट फेल्युअरसाठी मंजुरी आली, एप्रिल २०२१ मध्ये मूत्रपिंडाच्या जुनाट आजारासाठी.

आता डॉक्टरच्या खुर्चीत बसून पाहा. डापाग्लिफ्लोझिनच्या २०१४ च्या अधिकृत माहितीपत्रकात लिहिलं होतं, मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ६० पेक्षा कमी असेल तर सुरू करू नका. कारण साधं होतं: कमी गाळलं जातं तेव्हा साखरही कमीच बाहेर पडते. २०१९ मध्ये ही सीमा ४५ वर आली आणि २०२१ मध्ये २५ वर. ज्याला आधी ही गोळी नाकारायची, त्यालाच आता ती मुद्दाम द्यायची. शिकताना पाठ केलेलं ज्ञान तसंच जपणारा डॉक्टर इथे प्रामाणिकपणे, सद्‌हेतूने रुग्णाचं नुकसान करू शकतो. हे वाक्य मी जबाबदारीने लिहितो आहे.

इशारेही काळाबरोबर बदलत गेले. याच गटातल्या कॅनाग्लिफ्लोझिनवर २०१७ मध्ये पाय किंवा पायाची बोटं कापावी लागण्याच्या धोक्याचा चौकटीतला, सर्वांत कडक इशारा लागला. २०२० मध्ये तो चौकटीतून काढून साध्या इशाऱ्यांच्या यादीत ठेवला गेला. जननेंद्रियाला होणारा बुरशीचा संसर्ग हा सर्वांत नेहमीचा त्रास. स्वच्छता आणि वेळीच उपचार यांनी तो आटोक्यात राहतो.

एक धोका मात्र प्रत्येक रुग्णाला तोंडी, नीट समजावून सांगायला हवा. मधुमेहात इन्सुलिन फार कमी पडलं तर शरीर चरबी जाळतं आणि रक्तात किटोन नावाची आम्लं साचतात. एरवी अशा वेळी साखर भरमसाट वाढलेली असते, त्यामुळे निदान चटकन होतं. या गोळ्या साखर लघवीतून काढत राहतात, म्हणून किटोन धोकादायक पातळीला गेले तरी ग्लुकोमीटर जवळजवळ नेहमीचाच आकडा दाखवू शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास, गळून गेल्यासारखं वाटणं, आणि साखर मात्र ठीक! अशा वेळी तपासणाऱ्या डॉक्टरला ‘मी ही गोळी घेतो’ हे सांगितलंच पाहिजे. मग किटोनची तपासणी होते आणि जीव वाचतो. एफडीएने मे २०१५ मध्ये हा इशारा दिला. उपाशी राहणं आणि शस्त्रक्रिया यांनी धोका वाढतो, म्हणून २०२० पासून माहितीपत्रकात आहे की ठरलेल्या शस्त्रक्रियेआधी किमान तीन दिवस या गोळ्या थांबवाव्यात, याच गटातलं अर्टुग्लिफ्लोझिन चार दिवस. मोतीबिंदूपासून बायपासपर्यंत कुठलंही ऑपरेशन ठरलं की सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही गोळीचं नाव दाखवा. कधी थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे त्यांनी ठरवायचं. मनाने बंद करू नका.

ज्या नियमातून हे सारं निघालं तो आता राहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये एफडीएने २००८ ची सूचना मागे घेतली आणि नवा मसुदा मांडला. त्यात मंजुरीआधीच्या चाचण्यांत वयस्कर, मूत्रपिंडाचे आणि हृदयाचे रुग्ण पुरेसे असावेत असं म्हटलं आहे, आणि हे चांगलंच आहे. हृदयरुग्णांसाठी सुचवलेला किमान आकडा ६०० आहे. हजारोंवर वर्षानुवर्षं चालणाऱ्या हृदयचाचणीचा आग्रह उरलेला नाही. मला हे पटत नाही. एम्पाग्लिफ्लोझिनच्या चाचणीतले मृत्यूंचे टक्के ६०० रुग्णांना लावून पाहा: तीनशेंच्या एका गटात साधारण ११ मृत्यू, दुसऱ्यात १८. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो, आणि कुणीही त्यावरून औषधाला हृदयासाठी मंजुरी दिली नसती.