पासालुबोंग की याबांग? फिलिपिनो घरातलं देणं आणि मिरवणं

दुबईत माझ्या शेजारच्या खोलीत एक फिलिपिनो नर्स राहायची. तिच्या पलंगाच्या पायथ्याशी पुठ्ठ्याचं एक अवाढव्य खोकं कायम उघडं असे. पगार झाला की त्यात काहीतरी पडायचं: कॉर्न्ड बीफचे डबे, अंगाचे साबण, टूथपेस्ट, टॉवेल, धाकट्या भावाचे बूट. बुटांत मोजे आणि मोज्यांत चॉकलेटं कोंबलेली, कारण जहाजाने जाणाऱ्या खोक्याचं भाडं आकारावर ठरतं, वजनावर नाही. प्रत्येक वस्तूवर मार्करने एकेकाचं नाव. चार महिन्यांनी खोकं भरलं, तेव्हा झाकण बसावं म्हणून ती त्यावर बसली आणि मी चिकटपट्टी ओढली.

ते घरी पोचलं तेव्हा तिने मला व्हिडिओ कॉलवर बोलावलं. अंगणात शेजारीपाजारी जमले होते. तिची आई एकेक वस्तू उंच धरून नाव पुकारत होती. मी म्हणून गेले, ‘गावाला दाखवायची चांगलीच हौस आहे की!’ तिचा चेहरा उतरला. ‘हे याबांग नाही,’ ती म्हणाली. ‘मला घरी जाता येत नाही, म्हणून माझं पासालुबोंग आधी जातं.’

बाहेरून पाहणारा या दोन शब्दांची हमखास गल्लत करतो. मीही केली.

‘सालुबोंग’ म्हणजे सामोरं जाणं, भेटणं. त्यावरून पासालुबोंग, म्हणजे परत येणाऱ्याने घरच्यांसाठी आणायची वस्तू. गणपतीला कोकणात जाणारा चाकरमानी रिकाम्या हाताने घरात शिरत नाही, तसंच हे. फक्त इथे अपेक्षा घरापुरती थांबत नाही. चुलत भावंडं, शेजारी, लहानपणी सांभाळणारी बाई, सगळ्यांचा त्यावर हक्क असतो, आणि ते तो मोकळेपणाने मागतातही. नोकरीत बढती मिळाली तरी हाच न्याय. ज्याचं नशीब उघडलं त्याने बाकीच्यांना जेवू घालायचं, त्याला ते ‘ब्लोआउट’ म्हणतात. यामागे ‘काप्वा’ ही कल्पना आहे. ‘दुसरा’ असं तिचं भाषांतर अपुरं पडतं. फिलिपिनो मानसशास्त्राची स्वतंत्र मांडणी करणारे विर्जिलिओ एन्रिकेझ यांनी काप्वाचा अर्थ ‘मी आणि तू यांतलं सामाईक स्वत्व’ असा लावला. त्या अर्थाने माझ्या मिळकतीत तुझा वाटा आधीपासूनच असतो, मी तो पोचवते एवढंच.

या देण्याला सरकारी इतिहासही आहे. फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत 1973 मध्ये परदेशस्थ फिलिपिनोंनी मायदेशी यावं म्हणून ‘बालिकबायान’ कार्यक्रम सुरू झाला. ‘बालिक’ म्हणजे परतणं, ‘बायान’ म्हणजे देश किंवा गाव. पुढच्याच वर्षीच्या कामगार कायद्याने माणसं परदेशी नोकरीला पाठवण्याची पद्धतशीर व्यवस्था उभी केली. 2023 साली परदेशातून घरी आलेली रोख रक्कम 33 अब्ज डॉलरच्या वर होती. खोक्यांचा जिव्हाळा किती, हे 2015 मध्ये दिसलं. कस्टम्सने ही खोकी (त्यांनाही ‘बालिकबायान’च म्हणतात) मधूनच उघडून तपासण्याचं ठरवलं आणि परदेशातल्या कामगारांचा असा संताप उसळला, की राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो तिसरे यांना ते थांबवावं लागलं. 2016 च्या कायद्याने वर्षातून तीनदा, दीड लाख पेसोपर्यंतच्या मालावरचं शुल्क माफ झालं.

आता याबांग. म्हणजे तोरा, फुशारकी. तोरा मिरवणारा तो ‘मायाबांग’, आणि दोघं-चौघं एकमेकांवर कुरघोडी करायला लागले की ते ‘पायाबांगान’. वस्तू तीच असेल, तोच फोन, तेच बूट. पण पासालुबोंग हातातून सुटतं, याबांग हातात धरून ठेवलेलं असतं. पहिल्यात समोरच्याचं नाव वस्तूवर असतं, दुसऱ्यात समोरच्याची किंमत कमी करण्यासाठी वस्तू पुढे केलेली असते. फिलिपिनो समाज बडेजावाला भुलतो असं सरसकट म्हणणाऱ्यांना त्यांचे कायदे दाखवावेत. 1949 च्या नागरी संहितेचं 25वं कलम सांगतं, की लोक तीव्र टंचाईत वा संकटात असताना कोणी चैनीवर किंवा दिखाव्यावर अविचारी उधळपट्टी करत असेल, तर सरकारी वा धर्मादाय संस्थेच्या मागणीवरून न्यायालय ती थांबवू शकतं. 1989 च्या एका कायद्याने सरकारी अधिकाऱ्यांना संपत्तीच्या भपकेबाज प्रदर्शनाची मनाईच केली. 2025 मध्ये पूरनियंत्रणाच्या कामांतला भ्रष्टाचार उघड झाला, तेव्हा लोकांनी ठेकेदारांच्या आणि राजकारण्यांच्या मुलांचे महागड्या बॅगांचे, परदेशवाऱ्यांचे फोटो शोधून चव्हाट्यावर मांडले. 21 सप्टेंबरला मनिलाचे रस्ते मोर्चांनी भरले. गुडघाभर पाण्यातून चालणाऱ्याला ती बॅग त्याच्याच पैशांची वाटली.

काही गोष्टी मात्र सीमेवरच्या असतात. जीपनी या प्रवासी गाड्यांवर, ट्रायसिकल या साइडकारवाल्या मोटारसायकलींवर ‘कातास नांग सौदी’ अशी अक्षरं रंगवलेली दिसतात. कातास म्हणजे रस, पिळून निघालेला अर्क. सौदीत गाळलेल्या घामाचा हा अर्क. मला यात याबांगपेक्षा पावती जास्त दिसते. बातांगास प्रांतातल्या माबिनीत इटलीला गेलेल्यांनी इटालियन थाटाची घरं बांधली आहेत. त्यांच्याबद्दल मी इतक्या खात्रीने बोलणार नाही.

खरा त्रास ‘हिया’मुळे होतो. हिया म्हणजे लाज, चारचौघांतली मर्यादा. ‘वालांग हिया’, निर्लज्ज, ही तिथे जिव्हारी लागणारी शिवी. नोकरी अर्ध्यात सुटलेला माणूससुद्धा या लाजेपोटी उसने पैसे काढून चॉकलेटं घेतो आणि मगच विमानात बसतो. गावाला तो ऐटीत आलेला वाटतो, आणि तो हप्ते मोजत असतो. त्याला मायाबांग म्हणणं मला क्रूर वाटतं.

दुबई सोडण्याआधी मी तिला आणखी एक खोकं भरायला मदत केली. तळाशी नावं न लिहिलेल्या साबणांची एक मोठी पिशवी होती. मी मार्कर उचलला आणि विचारलं, ‘यांवर कोणाचं नाव घालू?’

‘राहू दे तसेच,’ ती म्हणाली. ‘खोकं उघडताना जे बघायला येतील, त्यांच्यासाठी आहेत.’