तिची ती वाचते, तरीही

जून महिन्यात पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांत एक वाक्य हमखास कानावर पडते: "गोष्टींचं नको, आता तिची ती वाचते." मूल वाचू लागले की मोठ्याने वाचून दाखवण्याचे काम संपले, ही त्यामागची समजूत. त्या त्या वयात मूल या वाचनातून काय घेते हे पाहिले, तर ती टिकत नाही.

सुरुवात जन्माआधीच होते. अँथनी डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गरोदर स्त्रियांनी शेवटचे सुमारे सहा आठवडे एकच गोष्ट रोज मोठ्याने वाचली. जन्मानंतर, चोखणी चोखण्याच्या लयीनुसार ती किंवा दुसरी गोष्ट ऐकू येईल अशी सोय केल्यावर बाळांनी ओळखीची गोष्ट ऐकू यावी अशी लय धरली, आणि वाचणारी स्वतःची आई नसतानाही हेच घडले. अर्थ कळण्याचा प्रश्नच नव्हता. कानात बसली होती ती वाक्यांची चाल.

पहिल्या वर्षात कान आपल्या भाषेचे ध्वनी वेगळे काढू लागतो. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील 'त' आणि 'ट' यांतला फरक कळतो, मात्र वर्षाच्या आसपास तो कळेनासा होतो, हे जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवले. पुढे पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ मधील प्रयोगात अमेरिकी बाळांनी चिनी भाषेचे ध्वनी समोर बसलेल्या माणसाकडून आत्मसात केले, पडद्यावरून मात्र नाही. उशीला टेकवून ठेवलेला मोबाइल गोष्ट सांगत असला, तरी तो बाळाची नजर कुठे गेली ते पाहून थांबत नाही.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी मोठ्यांचा अंत पाहणारी गोष्ट म्हणजे तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणे. माझ्या साडेतीन वर्षांच्या नातीला गोष्ट वाचताना एका रात्री मी कंटाळून 'उंदीर हिरमुसला' एवढेच गाळले, तर तिने पान मागे उलटले, चित्रातल्या उंदराच्या पडलेल्या मिशांवर बोट ठेवले आणि विचारले, "आजोबा, हिरमुसला कुठे गेला?" बोट चित्रावर होते, अक्षरांवर नव्हे, या वयाची मुले वाचून दाखवताना छापील मजकुराकडे फारसे पाहतच नाहीत, हे नजरेचा माग घेणाऱ्या उपकरणांनी दिसून आले आहे. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांना २०११ मध्ये असेही आढळले, की तीन वर्षांची मुले नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींपेक्षा एकच गोष्ट पुन्हा ऐकून अधिक चांगले शिकतात. तेव्हा कंटाळा आपला, फायदा तिचा.

खरी गफलत सातव्या-आठव्या वर्षी होते. मूल वाचू लागते, पण अक्षरे, काना-मात्रा आणि जोडाक्षरे जुळवण्यातच त्याची बरीचशी शक्ती खर्ची पडते. बहुतेक मुलांची ऐकून समजण्याची कुवत वाचून समजण्यापेक्षा सरस असते आणि या दोन्ही साधारण आठवीच्या सुमारास बरोबरीला येतात. पुण्यात इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मराठी मुलांत हे अंतर ठळक दिसते: घरात अस्खलित मराठी बोलणारे दहा वर्षांचे मूल मराठी परिच्छेदाशी अडखळत झगडते आणि मग त्याच्या वयाला बालिश वाटणाऱ्या पुस्तकांवरच त्याची बोळवण होते. शिवाय बोलण्यात न येणारे शब्द पुस्तकांतच भेटतात. डोनाल्ड हेस आणि मार्गारेट अहरेन्स यांनी १९८८ मध्ये मोजणी केली, तेव्हा इंग्रजी बालपुस्तकांत सुशिक्षित प्रौढांच्या गप्पांपेक्षा अधिक दुर्मीळ शब्द निघाले. मराठीत वेगळे काय असणार? दोन बेडरूमच्या सदनिकेत 'माजघर' हा शब्द कोण कशाला उच्चारील?

माझ्या दहा वर्षांच्या नातवाशी आता आमचा करार ठरला आहे. तो एक परिच्छेद वाचतो, मी तीन. आणि पुस्तक त्याला एकट्याला जड जाईल असेच निवडायचे. परवा ऐन रहस्याच्या जागी माझी पाळी संपली, तेव्हा पुढचा परिच्छेद त्याने बोट न लावता वाचला.