पावसातली रिअर-व्हील ड्राइव्ह : मागच्या रुंद टायरची पार्श्वभूमी

ओल्या रस्त्यावर रिअर-व्हील ड्राइव्ह (म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांना देणाऱ्या) स्पोर्ट्स कारचं हँडलिंग कसं सुधारावं, असं विचारलं की तीन उत्तरं हमखास मिळतात. टायर चांगले घाला, अलाइनमेंट करून घ्या आणि इलेक्ट्रॉनिक्स बंद करू नका. तिन्ही बरोबरच आहेत. पण यातल्या बहुतेक गाड्या कारखान्यातून बाहेर पडतानाच एका ठरावीक पद्धतीने ‘सुधारलेल्या’ असतात. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद ठेवायचे, ही ती पद्धत. ती मुळात कोरड्या रस्त्यावरचं दुखणं काढण्यासाठी आली आणि पावसातल्या बऱ्याचशा तक्रारी तिच्याशीच येऊन भिडतात. सल्ले देताना हा भाग सहसा गळतो.

सुरुवातीचा काळ भराभर उरकता येईल. १९५० आणि ६० च्या दशकांत खरा खलनायक होता तो मागच्या चाकाला त्याच्या दांड्यासकट एका सांध्याभोवती वर-खाली झुलवणारा स्विंग अ‍ॅक्सल. वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की गाडीची मागची बाजू वर यायची, बाहेरचं चाक पोटाखाली दुमडल्यासारखं व्हायचं आणि ग्रिप एका क्षणात जायची. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलवर हाच अ‍ॅक्सल होता. १९५७ च्या रोडस्टरमध्ये त्याचा सांधा खाली आणून त्याला जरा माणसाळवलं गेलं. १९६२ च्या ट्रायम्फ स्पिटफायरवरही तोच. मागे इंजिन असलेल्या शेव्हर्ले कॉर्व्हेअरने १९६५ च्या मॉडेलमध्ये त्याला रजा दिली. दरम्यान रेडियल टायर रुळत गेले आणि ओल्या डांबराला जास्त चिकटणारे रबराचे मिश्रणही आले. बाकी सगळं चालकाच्या पायावर सोडलेलं होतं.

त्याच दशकात धावपट्टीवरच्या पाण्यात विमानांचे टायर का तरंगतात, याच्या चाचण्या अमेरिकेत झाल्या. त्यातून निघालेलं सूत्र गाड्यांच्या जगात आजही फिरतं : अ‍ॅक्वाप्लेनिंग (टायर पाण्यावर तरंगणं) सुरू होण्याचा वेग टायरमधल्या हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ३२ पीएसआय दाबाला हा वेग ताशी साधारण ९४ किलोमीटर येतो. अर्थात, खाचांना उपसता येणार नाही इतकं पाणी साचलेलं असेल तेव्हाची ही गोष्ट. या सूत्रात टायरच्या रुंदीचा उल्लेखच नाही. त्यामुळे ‘रुंदीने काही फरक पडत नाही, दाब सांभाळा’ असं म्हणणाऱ्यांना मोठा आधार मिळाला. पुढे १९८० च्या दशकात ट्रकच्या टायरांवर काम झालं, तेव्हा रस्त्याला टेकलेल्या ठशाच्या रुंदी-लांबीचं गुणोत्तर सूत्रात घालावं लागलं. ठसा जितका आखूड आणि रुंद, तितक्या कमी वेगाला टायर तरंगतो. दुर्दैवाने लोकांच्या तोंडी बसलं ते जुनंच सूत्र.

आता रुंद मागच्या टायरची कथा. पोर्शा ९११ ची विक्री १९६४ मध्ये सुरू झाली, तेव्हा चारही टायर एकाच मापाचे आणि आजच्या मानाने हास्यास्पद वाटावेत इतके अरुंद, म्हणजे १६५ मिलिमीटरचे होते. इंजिनचं वजन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे. गाडी सरळ धावावी म्हणून पुढच्या बंपरच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी ११ किलोची लोखंडी वजनं बसवली गेली. १९६९ च्या मॉडेलसाठी मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवून व्हीलबेस वाढवला. १९७३ च्या कॅरेरा आरएस २.७ मध्ये मात्र वेगळी दिशा धरली : पुढे १८५, मागे २१५. मागच्या चाकांची बाजूला धरून ठेवण्याची ताकद वाढली, गाडी अंडरस्टीअरकडे (म्हणजे पुढची चाकं आधी घसरण्याकडे) कलली आणि इंजिनची ताकद वाढवायला मोकळीक मिळाली. १९७५ च्या टर्बोवरही रुंदीचा हाच हिशेब. कोरड्या रस्त्यावर हा उपाय इतका लागू पडला की नंतरच्या वीस-तीस वर्षांत ज्याची मागची बाजू चंचल, त्याला हेच औषध मिळत गेलं.

१९८९ ची दुसऱ्या पिढीची टोयोटा एमआर२ हे ठळक उदाहरण. इंजिन मध्यभागी, पुढे १९५ आणि मागे २०५ चे टायर, चाकं १४ इंची. वळणात पाय उचलला की मागचा भाग अचानक सुटतो, अशी तिची ख्याती झाली. १९९२-९३ च्या सुमारास मागच्या सस्पेन्शनची भूमिती बदलली, चाकं १५ इंची झाली आणि मागचा टायर २२५ वर गेला. पुढचा १९५ च राहिला. म्हणजे रुंदीतला फरक १० मिलिमीटरवरून ३० वर.

होंडा एस२००० मध्ये हाच प्रयोग अधिक स्वच्छ दिसतो, म्हणून तिच्यावर थोडं जास्त थांबायला हरकत नाही. १९९९ ला आलेल्या या गाडीचं वजन पुढे-मागे जवळपास समान वाटलेलं. इंजिन दोन लिटरचं, ९००० आरपीएमपर्यंत फिरणारं, आणि साधारण ६००० च्या वर त्याचा स्वभाव पालटणारं. कोरड्या रस्त्यावर हा बदल मजा आणतो. ओल्या वळणात तो जागा चुकला की मागच्या चाकांना नको त्या क्षणी जास्तीची ताकद मिळते. उलट बाजूही तितकीच खरी. रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये इंजिन ब्रेकिंग फक्त मागच्या चाकांवर येतं, त्यामुळे रेव्ह (इंजिनच्या फेऱ्या) न जुळवता खालचा गिअर टाकून क्लच सोडणं म्हणजे ओल्या रस्त्यावर हँडब्रेक ओढण्यासारखंच. त्यातच सुरुवातीच्या गाड्यांत सस्पेन्शन दबलं-उचललं की मागच्या चाकांचा टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) चांगलाच बदलायचा. खडबडीत ओल्या वळणात मागची बाजू आपल्या मनाने स्टीअर करते आहे, असं वाटायचं ते यामुळे.

२००४ मध्ये हे सगळं हाताळलं गेलं. अमेरिकी आवृत्तीला २.२ लिटरचं इंजिन मिळालं, ताकद जरा खालच्या आरपीएमला येऊ लागली. मागच्या स्प्रिंग मऊ केल्या, टोचा बदल कमी केला. चाकं १६ वरून १७ इंची झाली. पुढचा टायर २०५ वरून २१५, मागचा २२५ वरून २४५. आता गंमत अशी की या यादीतल्या मऊ स्प्रिंग आणि सुधारलेल्या टोबद्दल फारसं कुणी बोलत नाही. ‘नवीवर मागे २४५ आले आणि गाडी शहाणी झाली’ एवढंच लक्षात राहिलं. जुन्या गाडीचे मालकही मग २४५, प्रसंगी २५५ चे टायर शोधू लागले. पावसात गाडी सुधारली ती बहुतांशी सस्पेन्शनमुळे, असं माझं मत आहे. रुंदीने श्रेय लाटलं.

रुंदीच्या बाजूचा युक्तिवाद मात्र पोकळ नाही. नुसत्या ओलसर रस्त्यावर, पाण्याचा पातळ थर असताना, टायरचं रबर आणि डांबराचा खरखरीतपणा यांचंच राज्य असतं. तिथे मागचा रुंद टायर गाडीला स्थिर ठेवतो आणि मागचं टोक पुढच्याच्या आधी सुटत नाही. पुढची चाकं आधी घसरली तर गाडी सरळ जाते, मागची आधी घसरली तर फिरते. यातली पहिली चूक सावरायला सोपी. रस्त्यावरच्या गाडीत थोडा अंडरस्टीअर ठेवण्यामागे हेच तर्कशास्त्र आहे आणि त्यात खोट काढता येत नाही.

खोट निघते ती पाणी साचल्यावर. टायर रुंद केला म्हणून रस्त्याला टेकणारं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, कारण ते मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतला दाब यांवर ठरतं. बदलतो तो ठशाचा आकार : लांबोळका होता तो आडवा आणि आखूड होतो. पाणी बाजूला सारायला वेळ कमी आणि सारायचं पाणी जास्त. समान मापाचे टायर असले की सरळ रस्त्यावर पुढचं चाक मागच्यासाठी थोडी वाट कोरडी करून देतं. पुढे २१५ आणि मागे २४५ असेल तर मागच्या टायरच्या कडेचा काही भाग अस्पर्श पाण्यातच जातो, आणि वळणात मागचं चाक पुढच्याच्या नेमक्या वाटेवरून जात नाहीच. म्हणजे कोरड्यात जे टोक शेवटी सुटावं म्हणून खटाटोप केला, तेच खोल पाण्यात आधी तरंगायला बसतं.

याहून मोठी अडचण झिजेची आहे आणि तिच्याबद्दल कमालीची शांतता आहे. रिअर-व्हील ड्राइव्हमध्ये मागचे टायर तसेही लवकर झिजतात, ताकद त्यांच्याच वाट्याला असते. चारही मापं सारखी असली तर टायर पुढे-मागे फिरवून झीज वाटून घेता येते. मापं वेगळी असली की तो मार्ग बंद. मग पुढे सहा मिलिमीटर खाच आणि मागे अडीच, अशी जोडी सहज तयार होते. त्यात मागच्या चाकांना निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला) असेल तर झीज आतल्या कडेला होते आणि बाहेरून पाहणाऱ्याला टायर ठणठणीत वाटतो. अनेक देशांतली कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे. पावसातली पकड त्याच्या बऱ्याच आधी ढासळते, म्हणून तीन मिलिमीटरला टायर बदला, असं जाणकार सांगतात. दोनच नवे टायर घ्यायचे तर ते मागे घाला, हा सर्वपरिचित नियमही याच कारणासाठी आहे. वेगवेगळ्या मापांच्या गाडीत त्या नियमाला अर्थच उरत नाही; मागचे वेळेवर बदलणं एवढंच हातात राहतं.

ही रीत न पाळणारी परंपराही आहे. १९८९ ची माझदा एमएक्स-५ चारही चाकांवर १८५ चे टायर घेऊन आली. तिची मागची बाजू सुटते, पण सांगून-सवरून सुटते. २०१२ च्या टोयोटा ८६ ने तर मुद्दाम वाद ओढवून घेतला : चारही चाकांवर २१५ चे टायर, आणि तेही कंपनीच्या इंधन वाचवणाऱ्या हायब्रिड गाडीवर मिळणाऱ्याच जातीचे. स्पोर्ट्स कारचा हा अपमान आहे, अशी ओरड झाली आणि पुष्कळ मालकांनी पहिल्याच महिन्यात रुंद, चिकट टायर चढवले. ते टायर पावसासाठी मात्र वाईट नव्हते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून टायरच्या रबरात काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका येऊ लागली होती. टायरचा फिरण्यातला विरोध कमी ठेवूनही ओल्या रस्त्यावरची पकड वाढवणं तिच्यामुळे जमलं. ट्रॅकसाठी बनवलेला, कमी खाचांचा टायर गरम आणि कोरडा असताना राजा असतो. थंडीत, साधारण सात अंशांच्या खाली, त्याचं रबर ताठरतं आणि त्यात पाऊस पडला तर तो साध्या टूरिंग टायरपुढेही फिका पडतो.

लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअलवरचा वाद इथे ओझरताच पुरे. डिफरन्शिअल दोन चाकांना ताकद वाटून देतो आणि वळणात त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतो; लिमिटेड-स्लिप प्रकार त्या फरकाला मर्यादा घालतो. ओल्या वळणात साधा डिफरन्शिअल असेल तर आतलं एकच चाक घसरून जागीच फिरतं आणि बाहेरचं गाडीला बाजूने धरून ठेवतं. घट्ट बसवलेला लिमिटेड-स्लिप दोन्ही चाकं एकदम सोडू शकतो. एमएक्स-५ च्या पहिल्या १.६ मध्ये व्हिस्कस (दाट द्रवावर चालणारा) प्रकार मिळायचा, १९९४ च्या १.८ पासून टॉर्सन (गिअरांवर चालणारा) आला आणि तो पावसात बराच सौम्य निघाला.

इलेक्ट्रॉनिक्स आल्यावर वादाचा सूरच बदलला. १९७८ ला ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारं इलेक्ट्रॉनिक एबीएस, ८० च्या दशकाच्या मध्यानंतर चाकांचं जागीच फिरणं रोखणारं ट्रॅक्शन कंट्रोल, १९९५ ला एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून गाडी सरळ करणारं स्टॅबिलिटी कंट्रोल. तिन्ही आधी मोठ्या आलिशान जर्मन सेडान-कूपे गाड्यांवर रुळले. स्पोर्ट्स कारवाले बराच काळ नाक मुरडत राहिले. २००३ च्या पोर्शा कॅरेरा जीटीला ट्रॅक्शन कंट्रोल होतं, स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतं. एस२००० ला ते अमेरिकेत २००६ च्या मॉडेलपासून मिळालं. मग कायद्यानेच प्रश्न मिटवला. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपर्यंत सर्व हलक्या वाहनांना, युरोपात नोव्हेंबर २०११ पासून नव्या प्रकारच्या गाड्यांना आणि नोव्हेंबर २०१४ पासून सर्व नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. ते बंद करायचं बटण ठेवायला अमेरिकी नियमाने मुभा दिली, पण गाडी पुन्हा सुरू केली की यंत्रणा आपोआप चालू झाली पाहिजे, या अटीवर. बटणावरून त्या काळात जेवढी हमरीतुमरी झाली, त्याच्या दहावा हिस्सा चर्चा जरी टायरच्या खाचांवर झाली असती तर बरं झालं असतं. ही यंत्रणा चाकांचा वेग, स्टीअरिंगचा कोन आणि गाडीचं फिरणं मोजते. खाच किती उरली आहे ते तिला कळत नाही, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या चाकाला लावलेल्या ब्रेकचा उपयोग शून्य.

२०१८ च्या अखेरीस आलेल्या ९११ मध्ये म्हणूनच पाणी ऐकण्याची सोय केली गेली. पुढच्या चाकांमागच्या कमानीत ध्वनी टिपणारे सेन्सर आहेत. उडणाऱ्या पाण्याच्या आवाजावरून रस्ता ओला असल्याचं ते ओळखतात आणि चालकाला सूचना देतात. ‘वेट मोड’ चालकानेच निवडायचा. निवडल्यावर अ‍ॅक्सिलरेटरचा प्रतिसाद मवाळ होतो आणि स्टॅबिलिटी कंट्रोल लवकर हस्तक्षेप करू लागतं. याच गाडीच्या ‘एस’ आवृत्तीवर पुढे २० इंची चाकांवर २४५ चे टायर आहेत आणि मागे २१ इंची चाकांवर ३०५ चे.