सुपरफार्मर: युद्धाच्या काळात वॉर्सात तयार झालेला प्राणी जमवायचा खेळ

सुपरफार्मर ज्यांनी खेळलाय त्यांना तो लहान मुलांचा खेळ म्हणूनच माहीत असतो, ससे जमवा, ससे देऊन मेंढी घ्या, मेंढ्या देऊन डुक्कर, मग गाय, मग घोडा, आणि पाचही प्राणी एकेक तरी आपल्याकडे आले की जिंकलात. २ ते ४ जण, दोन फासे, रंगीत चित्रं, बस. पण हा खेळ १९४३ साली जर्मनांच्या ताब्यात असलेल्या वॉर्सा शहरात तयार झालाय आणि तो बनवणारा माणूस विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांपैकी एक होता, हे पुष्कळ जणांना ठाऊकच नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

त्यांचं नाव कारोल बोर्सुक. जन्म १९०५, वॉर्सामधलाच. विषय टोपोलॉजी, म्हणजे आकार ताणला, वाकवला, पण फाडला नाही तर त्यातलं काय काय टिकून राहतं त्याचं गणित. पहिल्या महायुद्धानंतर पोलंड पुन्हा स्वतंत्र झाला आणि पुढच्या वीस वर्षांत वॉर्सा आणि ल्वूव (आज युक्रेनमधलं ल्विव) ही दोन शहरं गणितात जगात पुढे गेली, ती पिढी खरंच अफाट होती. त्यातले हे बोर्सुक. १९३३ साली त्यांनी एक प्रमेय सिद्ध केलं, जे आज बोर्सुक-उलाम प्रमेय म्हणून जगभर शिकवतात. सोप्या भाषेत त्याचा एक अर्थ असा, की कुठल्याही क्षणी पृथ्वीवर अगदी एकमेकांच्या विरुद्ध टोकाला असलेली अशी दोन ठिकाणं असतातच जिथे तापमानही सारखं आणि हवेचा दाबही सारखा. त्याच लेखात त्यांनी एक प्रश्न विचारून ठेवला होता, कुठलीही वस्तू तिच्यापेक्षा कमी व्यासाच्या ठराविक तुकड्यांत कापता येते का असा, आणि त्याचं उत्तर सापडायला ६० वर्षं लागली. १९९३ मध्ये जेफ कान आणि गिल कलाई यांनी दाखवलं की खूप जास्त मिती असतील (म्हणजे लांबी, रुंदी, उंचीसारख्या दिशा तीनपेक्षा कितीतरी जास्त) तर नाही येत. असल्या दर्जाचा माणूस.

सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि सगळं बदललं. विद्यापीठं बंद. नुसती तात्पुरती नाहीत, पोलिश लोकांना उच्च शिक्षण द्यायचंच नाही हे धोरणच होतं, त्यामुळे प्राध्यापक मंडळींचा पगार एका फटक्यात गेला. ज्यांची नावं आज पाठ्यपुस्तकांत आहेत त्यांनी तेव्हा काय काय कामं केली ते वाचून वाईट वाटतं. वात्स्वाफ शेर्पिन्स्की कारकुनी करत होते आणि लपून शिकवत होते. ल्वूवमध्ये स्टेफान बानाख, ज्यांच्या नावाच्या स्पेसेस (गणितातली एक संकल्पना) आपल्याकडे एमएससीला शिकवतात ते, वायगल नावाच्या शास्त्रज्ञांच्या टायफसच्या (उवांमुळे पसरणाऱ्या तापाच्या) लसीच्या संस्थेत स्वतःच्या अंगावर उवा पोसत होते, कारण ती लस उवांपासून बनायची आणि उवांना माणसाचं रक्त लागायचं. वॉर्सात लोकांच्या घरांत गुपचूप विद्यापीठ चालायचं, पकडलं गेलं तर तुरुंग किंवा छळछावणी. बोर्सुकही त्यात शिकवायचे. पण त्यातून घर कसं चालणार.

तर घर चालवायला बोर्सुकांनी जो मार्ग काढला तो हा खेळ. मूळ नाव होदोव्ला झ्व्येझोंतेक, म्हणजे छोट्या प्राण्यांचं पालन. कल्पना आणि नियम बोर्सुकांचे, चित्रं यानिना श्लिवित्स्का यांनी हाताने काढली, आणि एकेक संच तयार करून विकायला ठेवायचं काम बोर्सुकांच्या पत्नी झोफिया घरातूनच बघायच्या. कारखाना नाही, कंपनी नाही. मला ह्या दोन बायकांचं काम प्रोफेसरांइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण नियम एकदा सुचतात पण प्रत्येक डबा नव्याने हाताने भरावा लागतो, आणि पैसे डबा विकला की येतात, नियम सुचला म्हणून नाही येत.

खेळ चांगला खपला. का खपला असेल ते त्या शहराकडे बघितलं की समजतं. पोलिश लोकांचे रेडिओ जर्मनांनी कधीच जप्त केले होते, रात्री संचारबंदी, अंधार पडला की सगळं कुटुंब घरात कोंडलेलं, मुलांना बाहेर सोडायची भीती. अशा वेळी टेबलावर मांडून चौघांना खेळता येईल अशी वस्तू लोकांना हवीच होती. आणि बाहेर गायी-डुकरांच्या कानांना बिल्ले ठोकून त्यांची मोजदाद चालली होती, म्हणजे शेतकऱ्याने परस्पर कापू नयेत, मांसाचा चोरटा व्यापार जिवावर बेतू शकत होता. त्या शहरात मुलं खेळात का होईना डुकरं-गायी जमवत होती. हे बोर्सुकांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण तेव्हा ज्यांनी तो खेळला त्यांना मेंढीची किंमत वेगळी सांगावी लागली नसणार.

आता खेळाकडे येऊ, कारण गणितज्ञाचा हात इथे दिसतो. दोन फासे, दोन्हींना १२ बाजू, पण दोन्ही सारखे नाहीत. दोन्हींवर ६-६ ससे. एकावर वरून ३ मेंढ्या, १ डुक्कर, १ गाय आणि १ लांडगा, दुसऱ्यावर २ मेंढ्या, २ डुकरं, १ घोडा आणि १ कोल्हा. फासे टाकल्यावर आपल्या कळपातले आणि फाशांवरचे त्या जातीचे प्राणी एकत्र मोजायचे आणि जेवढ्या जोड्या होतील तेवढी पिल्लं मिळतात. ६ ससे आहेत आणि दोन्ही फाशांवर ससा आला, झाले ८, म्हणजे ४ जोड्या, ४ नवे ससे. ज्याच्याकडे जास्त त्याचं अजून वाढतं, चक्रवाढ व्याजासारखं.

पण गंमत बघा, गाय फक्त एका फाशावर आहे आणि घोडा फक्त दुसऱ्यावर. म्हणजे नुसत्या फाशांवर गायीची जोडी कधीच जमणार नाही, पहिली गाय आणि पहिला घोडा अदलाबदल करूनच घ्यावा लागतो, नशीब कितीही चांगलं असो. अदलाबदलीचा दर असा: ६ ससे म्हणजे १ मेंढी, २ मेंढ्या म्हणजे १ डुक्कर, ३ डुकरं म्हणजे १ गाय, २ गायी म्हणजे १ घोडा. हिशेब लावला तर एक घोडा ७२ सशांचा आणि जिंकायला लागणारे पाच प्राणी मिळून १२७ सशांचे. आणि आजच्या डब्यात ससे आहेत एकूण ६०, तेही सगळ्या खेळाडूंत मिळून! म्हणजे नुसते ससे वाढवत बसलात तर बँकेतले (म्हणजे सगळ्यांच्या सामाईक साठ्यातले) ससेच संपतात, विकायला लागतंच.

आणि मग कोल्हा-लांडगा. कोल्हा सशांवर येतो, लांडगा मेंढ्या, डुकरं, गायी सगळं साफ करतो, घोडा तेवढा वाचतो. दर फेकीला दोघांपैकी निदान एक यायची शक्यता १४४ मध्ये २३, म्हणजे साधारण १६ टक्के. खूप आहे ही. म्हणून कुत्रे घ्यायचे, छोटा कुत्रा एका मेंढीच्या बदल्यात, तो कोल्ह्याला अडवतो, मोठा कुत्रा अख्ख्या गायीच्या बदल्यात, तो लांडग्याला. एकदा राखण केली की कुत्रा परत बँकेत. आणि मोठे कुत्रे फक्त २, चौघं खेळत असतील तर दोघांना मिळणारच नाही. कुत्रा घेतला तर वाढ मंदावते, नाही घेतला तर एका फेकीत सगळं जाऊ शकतं, हा निर्णय दर दोन-तीन फेऱ्यांनी डोकं खातो. काही घरांत मुलं रडतात म्हणून लांडगा काढून टाकतात, माझं कळकळीचं म्हणणं आहे की काढू नका, लांडगा काढला तर कुत्र्यांना अर्थ राहत नाही आणि मग उरते ती नुसती मोजणी.

ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव झाला, दोन महिन्यांनी तो मोडला आणि त्यानंतर जर्मनांनी शहर पद्धतशीरपणे जाळलं, पाडलं. त्या आगींत ह्या खेळाचे संचही गेले. बोर्सुक वाचले, युद्धानंतर पुन्हा वॉर्सा विद्यापीठात शिकवायला लागले, पुढे शेप थिअरी नावाची टोपोलॉजीची एक नवी शाखाच त्यांनी सुरू केली आणि १९८२ मध्ये गेले. खेळाचा एक संच मात्र वॉर्साच्या बाहेर कुणाकडे तरी राहिला होता म्हणून वाचला, आणि युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी तो बोर्सुक कुटुंबाकडे परत आला. त्याच्याच आधाराने ग्रान्ना या पोलिश कंपनीने १९९७ मध्ये खेळ पुन्हा बाजारात आणला, नाव ठेवलं सुपरफार्मर, आणि आता तो बाहेरच्या देशांतही मिळतो.