लॉट फेकून द्यायच्या आधी एवढं वाचा: बी आणि मुळांची रंग टेस्ट

पेरून दोन महिने झाले, एक कोंब वर आला नाही, म्हणून अख्खा लॉट फेकून देणारे खूप जण भेटतात आणि दरवेळी जीव हळहळतो, कारण झाडाचं बी रुजलं नाही म्हणजे ते मेलंच असं नसतं, कितीतरी जातींचं बी सुप्तावस्थेत असतं, काहींना तर आधी कित्येक आठवडे थंडी आणि ओल लागते.

एवढं थांबायचं नसेल तर टेट्राझोलियम टेस्ट, म्हणजे टेट्राझोलियम नावाच्या रसायनाच्या द्रावणाने बी जिवंत आहे का ते रंगावरून बघायचं, आमच्या लॅबमध्ये आम्ही तेच करतो. 1940 च्या दशकात जर्मनीत गेओर्ग लाकोन यांनी ती बियाण्यांसाठी बसवली. द्रावण पाण्यासारखं बिनरंगी असतं, पण जिवंत पेशीत श्वसन चालू असल्याने तिथली एन्झाइम्स त्याचं लाल फॉर्मझान करतात, हा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, जिथे तयार झाला तिथेच राहतो. मेलेला भाग पांढराच राहतो. बी आधी भिजवतो, टरफल काढतो किंवा चिरतो, मग द्रावणात घालून साधारण 30 अंशाला अंधारात ठेवतो (उजेडाने द्रावण आपोआपच लाल व्हायला लागतं), काही तासांत ते एका दिवसात रंग येतो.

खरं काम पुढे आहे. नुसतं "लाल आलं" याला अर्थ नाही, कुठे आलं ते बघावं लागतं. बीजपत्राच्या टोकाला छोटा पांढरा डाग चालू शकतो, पण मोडाचं मूळ पांढरं असेल तर बाकी बी कितीही लाल असो, ते रोप देणार नाही. फार गडद लाल आणि मऊ पडलेला भागही आम्ही संशयितच धरतो.

मुळांचं जरा अवघड असतं. जाड मुळाच्या सालीतून द्रावण आत जात नाही म्हणून पातळ काप करावे लागतात, आणि कुजक्या मुळातले जंतूसुद्धा द्रावण लाल करतात, मग मेलेलं मूळ जिवंत वाटतं! म्हणून बारीक मुळांना आम्ही इव्हान्स ब्लू हा निळा रंगसुद्धा लावून बघतो, तिथे उलटं असतं, मेलेल्या पेशी निळ्या होतात.

रिपोर्टमध्ये किती टक्के बी जिवंत ते कळेल, उगवणार कधी ते नाही.

सॅम्पल देताना टपोरं बी निवडून देऊ नका प्लीज, पोत्याच्या वरून, मधून, तळातून काढून मिसळून द्या, शक्यतो 400 बिया, म्हणजे शंभराचे चार गट होतात. मुळं मात्र ओल्या कागदात गुंडाळून, काढली त्याच दिवशी.