जुनी नाइट व्हिजन दुर्बीण ओळखायचीय? टीव्हीचा रिमोट आणा

अमेरिकेत आर्मी सरप्लसची, म्हणजे लष्कराने काढून टाकलेल्या सामानाची दुकानं, गन शो, किंवा घरातले आजोबा गेल्यावर निघणारा इस्टेट सेल, अशा ठिकाणी लष्करी नाइट व्हिजन दुर्बिणी अजून मिळतात आणि विकणारा हमखास म्हणतो, "व्हिएतनामची आहे, चालू आहे." असेलही, पण बाहेरचं नळकांडं बघून फारसं काही कळत नाही, सगळी किंमत आतल्या ट्यूबची.

ट्यूबच्या पुढच्या काचेला आतून एक पातळ थर असतो, फोटोकॅथोड. त्यावर उजेड पडला की इलेक्ट्रॉन सुटतात, हजारो व्होल्ट लावून त्यांना मागे खेचायचं आणि फॉस्फरच्या पडद्यावर आपटवायचं, की पडदा उजळतो. बहुतेक हिरवाच, कारण भरपूर उजेडात आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या हिरव्या-पिवळ्याला सगळ्यात जास्त दाद देतो.

दुसऱ्या महायुद्धातल्या ट्यूबमध्ये हा थर चांदी, ऑक्सिजन आणि सिझियमचा असायचा, त्याला एस-१ म्हणतात. त्याला इन्फ्रारेड दिसतं पण एकूण नजर अधूच, म्हणून सोबत इन्फ्रारेड दिवा लागायचा. १९४५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावर अमेरिकनांनी असली दुर्बीण कार्बाइनवर, म्हणजे आखूड रायफलवर चढवून वापरली, पुढे कोरियाच्या युद्धात तिचीच एम३ आवृत्ती आली, तिला २० हजार व्होल्ट लागायचे. ब्रिटिशांची त्याच महायुद्धातली इन्फ्रारेड दुर्बीण 'टॅबी' मात्र मला सगळ्यात आवडते. तिच्यात झांबोनी पाइल होती, म्हणजे १८१२ च्या सुमाराला निघालेली सुकी बॅटरी, एका बाजूला धातूचा वर्ख आणि दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइड लावलेल्या कागदाच्या शेकडो हजारो चकत्या एकावर एक दाबून भरलेल्या. करंट जवळपास शून्य, पण या ट्यूबला करंट हवाय कुणाला, व्होल्ट हवेत, ते तिथे हजारोंनी मिळतात.

व्हिएतनाम युद्धाची खरी ओळख म्हणजे एएन/पीव्हीएस-२ स्टारलाइट स्कोप. तिचा थर वेगळा, एस-२० जातीचा, दिवा लागतच नाही, चांदण्यावर भागतं. पण एका ट्यूबने पुरत नाही म्हणून तीन ट्यूब एकामागे एक जोडल्यात आणि त्यामुळे ती एवढी लांबलचक आणि जड झाली.

आता रिमोट. खोलीत अंधार करा, दुर्बिणीच्या पुढच्या झाकणाला बारीक भोक असतं, झाकण काढू नका, आणि टीव्हीचा रिमोट तिच्याकडे धरून बटण दाबा. रिमोटचा इन्फ्रारेड साधारण ९४० नॅनोमीटरचा असतो. एस-१ ला तो लख्ख दिसतो, एस-२० ला जवळजवळ दिसतच नाही, त्याची नजर ८५०च्या आसपास संपते. म्हणजे रिमोट लख्ख चमकला तर "व्हिएतनामची स्टारलाइट" ही थाप आहे, आत जुनी इन्फ्रारेडवाली ट्यूब आहे.

बाकी खुणा कानाने नि डोळ्याने ओळखायच्या. पहिल्या पिढीची दुर्बीण (स्टारलाइट त्यातलीच) चालू केली की बारीक किणकिण ऐकू येते, बंद केल्यावरही पडदा थोडा वेळ उजळलेला राहतो, आणि चित्र कडेला ताणल्यासारखं वाकतं. दुसऱ्या पिढीत लाखो सूक्ष्म भोकांची चकती आली, ट्यूब आखूड झाली, कधी कधी मधमाशांच्या पोळ्यासारखी फिकट जाळी दिसते. दुर्बिणीवरच्या पट्टीवरचा १३ आकडी नाटो नंबर, म्हणजे लष्करी मालाचा क्रमांक, ५८५५ ने सुरू होत असेल तर वस्तू नाइट व्हिजन खात्यातलीच, पण पट्टी एकीची नि ट्यूब दुसरीची असंही असू शकतं.

विकायची असेल तर अंधारात आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, फोटो काढून जाहिरातीत टाका, काळे ठिपके, भाजल्याचे डाग सगळं दिसू द्या. "टेस्ट केलेली नाही" लिहिलंत की घेणारा ती मेलेलीच समजून भाव करतो. दिवसा झाकण काढून चालू करून दाखवायचा मोह आवरा, फोटोकॅथोड तिथेच जळू शकतो. मूळ मर्क्युरी बॅटऱ्या आता बनत नाहीत, अ‍ॅडॉप्टर लागतो, आणि जुनी बॅटरी आत राहून पाझरली असेल तर कप्पा गंजलेला निघतो. खोलून बघू नका, बंद केल्यावरही आत हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात.

कायद्याचं प्रकरण जरा गमतीशीर आहे. कॅलिफोर्नियात पीनल कोडचं ४६८ कलम बंदुकीवर चढणारी, स्वतःचा इन्फ्रारेड दिवा टाकणारी दुर्बीण नुसती जवळ ठेवायलाही मनाई करतं, म्हणजे सगळ्यात जुनी नि सगळ्यात कमकुवत तीच बेकायदा आणि चांदण्यावर चालणारी त्या कलमात बसत नाही. आणि बे एरियातल्या आपल्या मंडळींनी, एच-१बीवर असाल किंवा शिकायला आला असाल, असली लष्करी वस्तू घेण्याआधी नियम नीट बघा, आणि भारतात नेण्यासाठी बॅगेत तर टाकूच नका. ती निर्यात धरली जाते, तिला अमेरिकन सरकारचा परवाना लागू शकतो. नाइट व्हिजनच्याच बेकायदा निर्यातीत २००७ मध्ये आयटीटी कंपनीने गुन्हा कबूल केला होता, दंड १० कोटी डॉलर.